भेंड

पाइप लोबोसाहेबाचा.
मेल ड्रायव्हर, भुसावळ शेड.
ऑस्ट्रेलियाला जाताना आप्पांच्या हातात ठेवून गेला,
सोबत कागदाची पुडी,
आत बोटाच्या पेराएवढ्या चाळीस पांढऱ्या नळ्या.
"वारके, ह्या घालून ओढ. छातीला बरं."

चाळीस नळ्या साडेतीन वर्षं पुरल्या.
धुवायच्या, ओट्यावर वाळवायच्या, पुन्हा घालायच्या.
शेवटची इतकी काळी पडली
की आईने सुरवंट समजून झाडूने लोटली.

मग प्रयोग.
आधी कापूस, सरकी काढून, बोटांवर वळून.
दोन झुरक्यांत ओला गोळा.
"धूर नही, धुराचं धुणं हाये हे," म्हणाले, आणि थुंकले.
मग शेडमधली तांब्याची जाळी. ती तापली, जीभ पोळली.
मग साकेगावहून कडब्याच्या पेंढ्या आल्या गाईसाठी,
त्यातला एक धांडा आप्पांनी ब्लेडने सोलला.
आतलं भेंड
पांढरं, स्वतःचं वजन विसरलेलं.
तासून नळीत सारलं.
बरोब्बर बसलं.
पुढे वर्षानुवर्षं मी शाळेच्या पट्टीने मापून दिली,
नऊ मिलिमीटर, नऊ, साडेनऊ, पुन्हा तास, नऊ.
गाय आमच्याकडे बघत राहायची.

रविवारी तापीवरून दगा भोई यायचा
डांगरं घेऊन, कमरेला चिलीम.
चिलमीत खडा, बुडाला ओली साफी,
मुठीत धरून ओढायचा
गालांना खड्डे पडेस्तोवर.
"तुह्या भेंडाचं काय सांगतो लोटू,
मही साफी पाह्य. सांजीले दगडावर आपटली
की हा एवढा मळ. तेवढा मह्यात गेला नही."
"अन् साफीतून सुटला तेवढा?"
"तो महा," दगा म्हणाला.
"त्याच्यासाठीच त ओढतो."

यावर आप्पा कितीतरी दिवस गप्प होते.
भेंड घातलं तर धूर थंड, शहाणा, बेचव.
काढलं तर जिभेवर कडू काळं पाणी,
पण तंबाखू तंबाखूसारखी.
पगाराच्या दिवशी ते भेंड काढून ठेवायचे.
पेन्शन लागल्यावर पगाराचे दिवस वाढले.

डॉक्टर सरोद्यांनी एक्स-रे खिडकीला धरला.
"निदान फिल्टर तरी लावत होता ना?"
आप्पा हसले, खोकले, उरलेलं हसले.
"वाफेच्या इंजिनाच्या धुराड्यात जाळी असते, साहेब.
ठिणगी उडून रुळाकाठचं शेत पेटू नये म्हणून.
एकोणतीस वर्षं मीच काढली, मीच झटकली,
कमरेपर्यंत आत शिरून.
तोंडाले रुमाल नही.
कडब्याले फिल्टर होता."

रिक्षात मी रिपोर्ट उघडला. इंग्रजीत.
"काय लिहेल हाये?"
तीन ओळी होत्या. मी दीड सांगितली.
जामनेर रोडच्या वळणापर्यंत ते मान हलवत राहिले.
मग बाहेर बघत म्हणाले,
"बाकीचं तुह्यात ऱ्हायलं.
रोज झटकत जाय, बाई. साचू देऊ नको."

त्या संध्याकाळी मी एक भेंड कापून दिलं.
चष्म्याशिवाय, पट्टीशिवाय. हाताला माप होतं.
बोटांत फिरवून त्यांनी ते कानामागे खोचलं,
सुतार पेन्सिल खोचतो तसं,
आणि पाइप तसाच पेटवला.
दोन झुरके.
विझवला.
भेंड घातलं, पेटवला, तिसरा झुरका.
यार्डात एखादी मालगाडी
डब्याडब्यातून हिसका पुढे पाठवत होती.
"ठरलं का आप्पा?"
"नही," ते म्हणाले,
आणि नळीत एका डोळ्याने बघत राहिले.
"रईवारी दगाले इचारतो."